कमरेचं म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

मी मेडिकल कोडिंगचं काम करते. गावात कुणी विचारलं तर "कंप्युटरवर दवाखान्याचं काम" एवढंच सांगते, आणि ते काही खोटं नाही. अमेरिकेतल्या एखाद्या दवाखान्यात ऑपरेशन झालं की सर्जन काय काय केलं ते लिहून ठेवतो. ते आम्ही वाचायचं, आजाराला एक कोड द्यायचा, ऑपरेशनला दुसरा द्यायचा, आणि मग ते बिल विमा कंपनीकडे जातं. पेशंटचं नाव-गाव आमच्यापर्यंत येत नाही. येतं ते फक्त शरीर आणि त्याची तकलीफ.

बी.एस्सी. झाल्यावर मी हैदराबादला कोर्स केला. नोकरीही तिथंच लागली. लग्न होऊन आखाडा बाळापूरच्या बाजूला सासरी आले तेव्हा कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली. वरच्या खोलीत टेबल, इन्व्हर्टर, आणि एकाचं नेट गेलं तर दुसरं असू द्यावं म्हणून दोन कंपन्यांची कार्डं. नवऱ्याचं बाळापुरात बी-बियाण्यांचं दुकान आहे. खाली सासू-सासरे, मोठे दीर, मोठ्या जाऊबाई आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी.

आमच्या कामात ज्याचे-त्याचे भाग ठरलेले असतात. कुणाकडे हाडं, कुणाकडे डोळे. माझ्या वाट्याला मूत्रविकार आले. किडनीतले खडे, प्रोस्टेट, आणि पुरुषांच्या त्या सगळ्या तक्रारी, ज्यांचं नाव आमच्याकडचा माणूस डॉक्टरसमोरसुद्धा घेत नाही. हैदराबादच्या वर्गात शिकवणाऱ्या बाई प्रत्येकाला उभं करून ऑपरेशनचा कागद मोठ्यानं वाचायला लावायच्या. माझी पाळी आली तेव्हा लिंग या शब्दापाशी माझी गाडी अडली. कान गरम झाले. बाई म्हणाल्या, "घुटना बोलती ना तू? वैसाइच ये भी बोल." वर्ग हसला नाही. मी बोलले. पुढच्या ओळीत तोच शब्द पुन्हा होता, तिथं मी अडले नाही.

त्यातलं एक काम माझ्याकडे नेहमी यायचं, ते इम्प्लांट बदलण्याचं. ज्या पुरुषाला ताठरता येत नाही आणि औषधांनीही भागत नाही, त्याच्या लिंगात दोन कांड्या बसवतात. काही पाणी भरून फुगवायच्या असतात, काही नुसत्या हातानं वाकवायच्या आणि सरळ करायच्या. कवळी असते, कानाचं मशिन असतं, तसंच हेही. शरीरात बसवलेली वस्तू कधी तरी बिघडते, मोडते, नाहीतर तिच्याभोवती जंतुसंसर्ग होतो. मग जुनी काढून नवी बसवावी लागते. कोड देताना नवीन माणूस हमखास इथं चुकतो. जुनी नुसती काढली का काढून त्याच वेळी नवी बसवली? वाकवायची का फुगवायची? आणि आत संसर्ग होता का नव्हता? संसर्ग असला की आतली जागा धुऊन काढावी लागते, सर्जनचं काम वाढतं, पेशंटचा धोका वाढतो, म्हणून त्याला कोडही निराळा. दोन कोडांत फरक शेवटच्या एका आकड्याचा, पण तो आकडा चुकला तर बिल परत येतं. मी हे इतक्या वेळा केलं होतं की भाजी निवडताना जसे हात आपोआप चालतात तसं माझं डोकं त्यात चालायचं. त्या कांड्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या अंगात असू शकतात, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

माझे मोठे दीर साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहेत. मोटरसायकलवर शिवारं फिरायची, उसाच्या नोंदी घ्यायच्या, तोडीच्या वेळी शेतकऱ्यांची बोलणी ऐकायची. माझ्या लग्नाच्या आधी एका हंगामात उसाच्या ट्रॉलीनं त्यांना धडक दिली होती. कमरेचं हाड मोडलं, आधी नांदेड, मग हैदराबाद. चालताना ते अजूनही उजवीकडे जरासे झुकतात. घरात त्या सगळ्याला मिळून "कमरेचं ऑपरेशन" म्हणत.

ते माझ्याशी सरळ बोलत नसत. त्यात राग नव्हता, आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी असाच वागतो. "चहा झाला असंल तर पाठवा म्हनावं," असं ते भिंतीला सांगायचे आणि मी कपबशी त्यांच्या मुलीच्या हाती द्यायची. मी डोक्यावर पदर घ्यायचे, ते मान वळवायचे. एकदा माझी इन्व्हर्टरची बॅटरी गेली आणि मी दोन दिवस हवालदिल होते. मी आंघोळीला गेले तेवढ्यात नवी बॅटरी वर जोडून झाली होती. कुणी आणली ते मला जाऊबाईंकडून कळलं.

संक्रांत होऊन गेली होती, हळदीची काढणी चालू होती. मोठ्या दिरांनी मोटरसायकल घेणं सोडलं. कारखान्याच्या जीपमधून जाऊ लागले, मग तेही बंद केलं. बाजेवर बसताना एका बाजूला कलून बसायचे. ताप यायचा, गावातल्या डॉक्टरांच्या गोळीनं उतरायचा, पुन्हा यायचा. सासूबाई म्हणाल्या, "जुनं दुखणं उखडलं असंल, थंडीनं." सगळ्यांनी ते मान्य केलं.

एका दुपारी जाऊबाई माझ्यासाठी चहा घेऊन वर आल्या. पेशंटचा कागद उघडा असला की माझी खोली आतून बंद असते, तसा नियमच आहे. त्या वेळी मी नव्या मुलींना शिकवायचं म्हणून एका पुस्तकातली आकृती काढून बसले होते. पडद्यावर पुरुषाच्या कमरेखालचा उभा छेद, आणि त्यात निळ्या रंगानं दाखवलेल्या दोन कांड्या. जाऊबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नाही.

"हे काय हाय?"

मी लॅपटॉप मिटायला गेले. "काही न्हाई ताई, कामातलं हाय."

"मिटू नको. मला बघू दे."

त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि चष्मा नसल्यासारख्या अगदी जवळ वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "असंच हाय. ह्यांच्या आत असंच हाय."

मला आधी अर्थच लागला नाही.

"कमरेचं नव्हतं का ते ऑपरेशन?" मी विचारलं.

"कमरेचं बी झालं, ते आधी. मग सालभरानं हे. हैदराबादलाच. घरी सांगितलं, कमरेतला रॉड बदलला म्हनून." त्या थांबल्या. "रॉडच व्हता म्हना. खोटं कुठं बोललो आमी?"

आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि खाली फरशीवर बसून रडायला लागल्या. मी दार लावून घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसले.

पुढचं सगळं त्यांनी तिथंच सांगितलं. हे मी लिहावं का म्हणून मी नंतर दोघांनाही विचारलं. गावाचं आणि माणसांचं नाव नको, बाकी लिही, असं त्यांनी सांगितलं, म्हणून लिहिते आहे.

अपघातात कमरेबरोबर आतली लघवीची नळी आणि नसाही दुखावल्या होत्या. हाडं जुळली, नळी दुरुस्त झाली, पण नवरा-बायको म्हणून जे असतं ते संपलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सुया दिल्या, काही झालं नाही. मोठे दीर गोठ्याजवळच्या खोलीत झोपायला लागले. लेकराशीसुद्धा धड बोलेनात. एक दिवस ते जाऊबाईंना म्हणाले, "तू माहेरी जा. तुझं वय हाय अजून. मी कुणाला दोष देऊ देनार न्हाई तुला."

"मग तुमी काय केलं?" मी विचारलं.

"काय करनार? सकाळी उठले, दोघांचे कपडे पिशवीत भरले, म्हनले चला. त्यांला वाटलं मी माहेरी चालले. मी त्यांला घेऊन हैदराबादच्या गाडीत बसले." त्यांनी नाक पुसलं. "तिथल्या डॉक्टरनं समजावून सांगितलं, असं असं बसवता येतं. हे तयार नव्हते. मीच म्हनले, बसवा. त्यांला म्हनले, पाय गेला असता तर लाकडाचा बसवला असता ना? मग आता काहून लाजून राहिले?"

ऑपरेशन झाल्यावर माणूस परत मिळाला, असं त्या म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते मोठे दीर आले जे पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग देताना मुलीच्या नाकाला रंग लावून पळतात. मी त्यांना दुसऱ्या कुठल्या रूपात पाहिलंच नव्हतं.

"आता काय झालंय?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. एका बाजूला लाल झालंय, सूज आहे, हात लावू देत नाहीत. कपड्याला पू लागलेला दिसला. चार दिवसांमागं हिंगोलीला एका दवाखान्यात गेले होते. नाव नोंदवायच्या खिडकीवर विचारलं, काय तकलीफ आहे. मागं रांग होती. ह्यांच्या तोंडून निघालं, "कंबर." मग तिथं कमरेचा एक्स-रे काढला, दुखण्याची गोळी दिली, आणि हे ती घेऊन परत आले.

असे कागद मी रोज वाचत होते. ताप, लाली, पू, या ओळी एकाखाली एक आल्या की पुढचा कोड माझ्या डोक्यात आधीच तयार व्हायचा. ज्यांना उशीर झाला त्यांचे कागदही मी वाचले होते.

"ताई, मी डॉक्टर न्हाई," मी म्हणाले. "पण हे थांबायचं काम न्हाई. आत बसवलेल्या वस्तूभोवती पू झाला तर तो नुसत्या गोळ्यांनी जात न्हाई. ह्या कामाच्या डॉक्टरकडं आजच जायला पायजे."

"ते ऐकत न्हाईत. मला म्हनले, तिसऱ्या माणसाला कळलं तर मी घर सोडीन."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू? थोरल्या दिराशी?"

आम्ही खाली आलो. सासू-सासरे हळदीच्या बायांबरोबर रानात होते, मुलगी शाळेत. मधल्या खोलीत मोठे दीर पडले होते. दाराला पडदा होता. जाऊबाई आत गेल्या, मी पडद्याच्या अलीकडे उभी राहिले. वर्गात बाईंसमोर उभं राहणं त्यापेक्षा फार सोपं होतं.

"भाऊजी, मी बोलून राहिले."

आत बाज करकरली.

"ताईंनी मला सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका, त्या लई भेल्या हायेत. तुमाला ठाऊक हाय का माझं काम काय हाय? तुमचं जे ऑपरेशन झालं ना, तसल्याच ऑपरेशनचे कागद मी वाचते. ज्यांचं बिघडलं, ज्यांच्यात पू झाला, ज्यांचं काढून नवं बसवलं, त्यांचे. काल बी वाचले, आज सकाळी बी वाचले."

मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"त्यात म्हातारे असतात, जवान असतात. अपघातवाले असतात, शुगरवाले असतात, कॅन्सरवाले असतात. सर्जन लिहितो, जुनं काढलं, धुतलं, नवं बसवलं, पेशंट बरा. बस, एवढंच. कुणी हसत न्हाई. मला बी त्यात हसन्यासारखं काही दिसत न्हाई. पन उशीर केला तर बराबर होत न्हाई, एवढं मला ठाऊक हाय."

मग पडद्याआडून आवाज आला. भिंतीला नव्हे, मला.

"रोज?"

"व्हय, रोज."

"एवढे लोक असतात?"

"एवढे असतात, की माझ्यासारख्या कितीतरी जनींचं पोट त्याच्यावर चालतं."

आत काहीतरी आवाज झाला. मला खोकल्यासारखा वाटला. ते हसले होते, असं जाऊबाईंनी मला नंतर सांगितलं. मग बराच वेळ दोघांची कुजबुज चालली आणि शेवटी मोठे दीर जरा मोठ्यानं म्हणाले, "पन आईला काय सांगायचं?"

"कमरेतला रॉड बदलायचा म्हनून सांगू," जाऊबाई म्हणाल्या. "तिला सवय हाय."

नवरा दुकान बंद करून मित्राची गाडी घेऊन आला. मी त्याला फोनवर सांगितलं होतं. त्यानं गाडीचं दार उघडलं, भावाला आत बसवताना त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "दादा, मला तरी सांगायचं ना रे." मोठे दीर खिडकीतून बाहेर बघत राहिले. नांदेडच्या वाटेवर वारंगा गाव मागं पडल्यावर म्हणाले, "आता सांगितलं ना."

नांदेडचे सर्जन माझ्या वडिलांच्या वयाचे होते. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त पाठवलं आणि आम्हा चौघांना एकत्र बसवून सांगितलं, "एका बाजूच्या कांडीभोवती संसर्ग झालाय. रक्तात पसरलेला दिसत नाही, ही चांगली गोष्ट. अँटिबायोटिक आत्ताच सुरू करतो. उद्या सकाळी दोन्ही कांड्या काढू. आतली जागा नीट धुता आली तर त्याच वेळी नव्या बसवू. नाही आली तर नुसत्या काढून ठेवाव्या लागतील."

"मग नंतर बसवता येतील ना?" जाऊबाईंनी विचारलं.

"येतील, पण आत आकसतं, काम अवघड होतं. म्हणून एकदाच झालं तर बरं." मग ते मोठ्या दिरांकडे वळले. "आलात हे चांगलं केलं. आणखी थोडं थांबला असता तर मी नव्याची गोष्टच काढली नसती."

मोठे दीर कुणाकडे न बघता म्हणाले, "आनलं मला. मी येत नव्हतो."

कारखान्याच्या कर्मचाऱ्यांचा सामूहिक विमा आहे. दवाखान्यात विम्याची वेगळी खिडकी होती आणि तिथं एक पन्नाशीचे गृहस्थ बसत. सकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. कंपनीचा नकार आला होता. लैंगिक दुर्बलतेवरचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत, असं त्यात होतं. नवरा म्हणाला, विम्याचं काही का होईना, ऑपरेशन थांबवायचं नाही. तसं त्यानं सर्जननाही सांगून टाकलं. मोठ्या दिरांना आत नेलं आणि मी त्या खिडकीपाशी बसले. काही तरी करत बसल्याशिवाय मला राहवलं नसतं.

"तुम्ही आजार काय लिहिला होता?" मी विचारलं.

त्यांनी कंप्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि आवाज बारीक केला. "मॅडम, ते इम्प्लांट मुळात कशासाठी बसवतात, तेच लिहिलं मी."

"पण आज ते कशासाठी आलेत? बसवलेल्या वस्तूभोवती संसर्ग झालाय म्हणून. आमच्या कामात तेच पहिलं लिहितात. माणूस आज टेबलावर काहून झोपला, ते."

त्यांनी मान हलवली. "तुमच्याकडं बराबर असेल. त्याचा कोडही आहे, मी टाकतो. पण आमच्या कंपन्यांचं तंत्र निराळं. ते आधी वगळलेले आजार बघतात. असला शब्द दिसला की फाइल बाजूला. नुसत्या कोडवर नाही मानणार ते. अपघातापासून आजपर्यंतची साखळी डॉक्टरांनी लिहून द्यायला पाहिजे. अपघातानं हे झालं, म्हणून ते बसवलं, त्यात आता संसर्ग झाला, न काढलं तर जिवाला धोका. असं."

हे मला ठाऊक नव्हतं. माझी सगळी माहिती समुद्रापलीकडची. वगळलेल्या आजारांची ती भानगड त्यांनी कितीदा निस्तरली होती ते त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. आम्ही दोघं कामाला लागलो. आमच्या सर्जननी ऑपरेशनला आत जायच्या आधी चार ओळी लिहून दिल्या. हैदराबादच्या जुन्या डॉक्टरांचा नंबर जाऊबाईंच्या मोबाइलमध्ये होता, "मावशी हैदराबाद" या नावानं. मावशींनी पहिल्याच रिंगला फोन उचलला, भारदस्त पुरुषी आवाजात "बोलो बेटी" म्हणाल्या, आणि त्यांच्या दवाखान्यातून जुन्या ऑपरेशनचा कागद थोड्या वेळात आला.

उत्तर टाइप करताना ते गृहस्थ एका शब्दापाशी थांबले. बोटं तशीच वर. शेजारच्या खिडकीवर एक बाई बसल्या होत्या.

"काय लिहू?" ते म्हणाले. "गुप्तभाग लिहू का?"

"गुप्तभाग नका लिहू, त्यानंच घोळ होतो," मी म्हणाले. "लिंग लिहा. लिंगात बसवलेल्या इम्प्लांटचा जंतुसंसर्ग."

माझा आवाज जरा मोठा झाला असावा. शेजारच्या बाईंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पुन्हा आपल्या डब्यातली पोळी खाऊ लागल्या. गृहस्थांनी ते तसंच टाइप केलं आणि पाठवून दिलं. मला एकाएकी इतकं हलकं वाटलं, की मी त्यांना चहा पाजला.

ऑपरेशनच्या दारापाशी जाऊबाई उभ्याच होत्या. बाकडं रिकामं होतं, पण त्या बसल्या नाहीत. मी जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिले. त्या अधूनमधून माझा हात धरायच्या, सोडायच्या. त्या दाराच्या आत काय चाललं असेल ते मला एका-एका पायरीनं माहीत होतं. आता कापलं असेल, आता एक बाजू काढली असेल, आता धुवत असतील. हजार वेळा वाचलेलं. तरी त्या दिवशी ते डोक्यात जुळेना. प्रत्येक पायरीला मला मोठे दीरच दिसत होते, पोळ्याचा रंग हाताला लागलेले.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांचा मास्क गळ्यात होता.

"झालं," ते म्हणाले. "दोन्ही काढल्या. संसर्ग एकाच बाजूला होता. आत चांगलं धुता आलं."

"नवं बसलं?" जाऊबाईंनी सरळ विचारलं. तिथं नवरा होता, एक नर्स होती, दुसऱ्या पेशंटची माणसं होती. त्यांनी कुणाचीच पर्वा केली नाही.

"बसलं," सर्जन म्हणाले.

मग त्या बसल्या. बाकड्यावर नाही, तिथंच फरशीवर, भिंतीला पाठ लावून. नवऱ्यानं पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी अर्धी प्याली आणि उरलेलं पाणी तोंडावर मारून घेतलं.

दुपार कलताना विम्याचं उत्तर आलं. ऑपरेशन आणि दवाखाना मंजूर. नव्या कांड्यांचा काही भाग मात्र आमच्याकडे राहिला. त्याबद्दल मला पुन्हा लिहायचं होतं, पण जाऊबाई म्हणाल्या, "पुरे झालं. ते भरून टाका." खिडकीवरचे गृहस्थ मुद्दाम वर येऊन बातमी सांगून गेले. जाताना म्हणाले, "मॅडम, मागं अशा केसेस आल्या तेव्हा मी लोकांना आधीच सांगायचो की होत नाही म्हणून. आता सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी मोठ्या दिरांना पुन्हा ताप भरला आणि आम्हा सगळ्यांची तोंडं उतरली. सर्जननी जखम पाहिली, ती स्वच्छ होती. सलाइनच्या सुईमुळं हाताची शीर सुजली होती, ताप तिचा होता. सुई दुसऱ्या हाताला लावली आणि ताप उतरला. त्या दिवशी मी त्यांच्या पलंगाजवळ फळं ठेवत होते. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो मी सावरला नाही, कारण दोन्ही हातांत संत्री होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी आता घरी जा. तुमचं काम पडून असंल. लोक वाट बघत असतील बिलाची."

मी म्हणाले, "त्यांची बिलं दुसरं कुणी तरी करंल."

"न्हाई. तुमीच करा," ते म्हणाले. "बराबर करता तुमी."

मी घरी येऊन काम सुरू केलं. कोड तेच होते, काम तेच. फक्त एक सवय मला लागली, ती अजून गेली नाही. सर्जनच्या लिखाणात कधी कधी "पत्नी सोबत आहे" अशी एखादी ओळ असते. बिलाला तिचा काही उपयोग नसतो, आम्ही ती सोडून पुढे जातो. आता मी तिथं क्षणभर थांबते.

मोठ्या दिरांना घरी आणलं त्या दिवशी अंगणात हळद शिजत होती. मोठ्या कुकरमधून वाफ फुसफुसत होती, बाया आरडाओरडा करत घमेली भरत होत्या, शिजलेल्या हळदीचा वास घरभर होता. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं. दीर ओसरीवर खुर्ची टाकून बसले. मुलगी त्यांच्या पायाशी गणितं करत होती. सासूबाईंनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, "आता पुन्हा रॉड बदलायला लागू नये बाबा," म्हणाल्या, आणि आम्ही सगळे इकडे-तिकडे बघायला लागलो.

जेवणाची वेळ झाली तरी जाऊबाई दिसेनात. मी शोधत मधल्या खोलीत गेले. त्या बाजेवर आडव्या झाल्या होत्या, दवाखान्यातली पिशवी अजून खांद्यालाच, चपला पायात. गाढ झोपल्या होत्या. मी पिशवी हळूच काढली, चपला काढल्या. सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या, वाकून त्यांनी जाऊबाईंचं तोंड पाहिलं, आणि चुलीकडे जाता जाता बाहेर बायांना ओरडल्या, "जरा दमानं बोला गं. थोरली झोपली हाय." मग पाटावर बसून पीठ मळायला घेतलं आणि त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी त्यांनीच केल्या.